वानरांची पंगत

आपल्याकडे माणसाची पत ओळखायची असेल तर त्याचे कपडे पाहू नयेत, बँकेचे पुस्तक तर मुळीच पाहू नये. पंगतीत त्याचे पान कोठे मांडले आहे ते पाहावे. लग्नाच्या मांडवात मानाचा पाट कोणाचा, वाढपी तुपाचे भांडे घेऊन प्रथम कोणाकडे वळतो, जिलबीचा दुसरा आग्रह कोणाला होतो आणि कोणाच्या पानावरून ताट नुसतेच पुढे सरकते, यात त्या घराचा सारा इतिहास आणि बरेचसे अर्थशास्त्र सामावलेले असते. दिवाळीच्या फराळाचेही तेच. पहिल्या घाण्याची चकली कोणाच्या हातावर पडते आणि तळाशी राहिलेला चिवड्याचा चुरा शेवटी कोण गोड मानून घेते, हे प्रत्येक घरात ठरलेले असते. कोणी ठरवले ते मात्र विचारू नये.

पण हा पंगतीचा न्याय माणसानेच काढला, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या आधी आणि आपल्याहून अधिक काटेकोरपणे तो पाळणारी मंडळी झाडावर बसलेली आहेत. आज या सदरात मी त्यांच्याविषयी लिहिणार आहे, आणि त्यासाठी वाचकांना बीड जिल्ह्यात घेऊन जाणार आहे.

बीड आणि वानर म्हटले की पुष्कळांना २०२१ सालच्या डिसेंबरातली ती बातमी आठवेल. माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी वानरांनी म्हणे कुत्र्यांविरुद्ध युद्ध पुकारले होते. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले, त्याचा सूड म्हणून वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडावर आणि घरांच्या गच्चीवर नेत आणि तेथून खाली टाकून देत, अशी ती हकीकत होती. अडीचशे कुत्री मारली गेल्याचा आकडा छापून आला आणि बघता बघता बीडचे वानर जगभर प्रसिद्ध झाले. नागपूरहून आलेल्या वनखात्याच्या पथकाने दोन वानर पकडून जंगलात सोडण्यासाठी नेले, तेव्हा कोठे प्रकरण थंडावले.

नंतर शांतपणे चौकशी करणाऱ्यांना सूडापेक्षा साधे चित्र दिसले. पिल्ले उचलली जात होती हे खरे. पण वानर ती उंचावर नेऊन जवळ घेऊन बसत, आणि तेथे दूधपाण्यावाचून किंवा तोल जाऊन ती बिचारी मरत. अडीचशेचा आकडाही पुष्कळ फुगलेला होता. पण सूडाची गोष्ट आपल्याला इतकी चटकन पटली, याचे मला नवल वाटत नाही. रामायण ऐकत वाढलेल्या माणसाला वानरसेना म्हटली की युद्धच आठवायचे. वानरांच्या रोजच्या आयुष्यात मात्र युद्धाला फारसा वेळ नसतो. सकाळी उठायचे, काहीतरी खायचे, दुपारी सावलीत एकमेकांच्या अंगावरचे केस निवडायचे, पुन्हा काहीतरी खायचे आणि तिन्हीसांजेला उंच झाड गाठायचे. त्यांचे सारे राजकारण चालते ते या ‘काहीतरी खायचे’ भोवतीच.

प्रथम ओळख नीट करून घेऊ. शहरात आपण सगळ्यांनाच माकड म्हणतो. खेड्यातला माणूस तशी गल्लत करीत नाही. काळ्या तोंडाचे, करड्या अंगाचे, लांब शेपटीचे ते वानर. तांबूस तोंडाचे, गालात चणे कोंबून बसणारे ते माकड. बालाघाटच्या डोंगररांगांत, कपिलधारच्या धबधब्याजवळ, अंबाजोगाई-परळीच्या बाजूला आणि गावोगावच्या चिंचा-पिंपळांवर बीडकरांना भेटते ते मुख्यतः वानर. दोघांतला खरा फरक तोंडाच्या रंगात नाही, पोटात आहे. माकडाच्या गालांना आतून पिशव्या असतात. दिसले ते भराभर गालात भरायचे आणि कोणी दांडगा येण्याच्या आत दूर जाऊन निवांत चावायचे, ही त्याची रीत. वानराला गालाची पिशवी नाही. त्याऐवजी त्याचे जठर कप्प्याकप्प्यांचे, गायीच्या पोटाची आठवण करून देणारे असते. त्यात सूक्ष्म जंतू पाने आंबवतात आणि पचवतात. म्हणूनच इतर प्राणी ज्यांना तोंड लावणार नाहीत अशी पाने खाऊन वानर मजेत राहतो. बीडसारख्या कमी पावसाच्या मुलखात, जेथे उन्हाळ्यात डोंगर उघडेबोडके होतात, तेथे हे पोट म्हणजे मोठीच पुंजी आहे.

आता त्यांचे कुटुंब पाहू. कळपात पुष्कळ माद्या, त्यांची पोरे आणि बहुधा एकच मोठा नर. मुली जन्मभर माहेरीच राहतात. मुलगे मोठे होऊ लागले की बाहेर पडतात आणि नुसत्या नरांच्या टोळ्यांतून हिंडतात. म्हणजे कळपाचा जो रुबाबदार नायक आपल्याला दिसतो तो खरे पाहता घरजावई असतो. बाहेरचा दुसरा बलवान नर येईपर्यंतच त्याची सद्दी. युकिमारू सुगियामा नावाचे जपानी शास्त्रज्ञ १९६१ साली धारवाडला आले आणि तेथल्या वानरांमागे हिंडले. नवा नर जुन्याला हाकलून कळप ताब्यात घेतो आणि पुष्कळदा जुन्याची तान्ही पिल्ले मारून टाकतो, हे त्यांनी नोंदवले. त्याआधी, १९५८ ते १९६० या काळात, फिलिस जे या अमेरिकन बाईंनी उत्तर आणि मध्य भारतात याच वानरांचा अभ्यास केला होता, आणि त्यांना ती मोठी शांत, समंजस मंडळी वाटली होती. दोघेही खरेच सांगत होते. एकाच वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांविषयी दोन पाहुण्यांचे मत वेगळे पडते, तसेच हे.

जावई येतात आणि जातात. घर चालते ते माद्यांचे. आणि पंगतही त्यांचीच.

अंबाजोगाईच्या अलीकडे एका खेड्यात माझे एक स्नेही राहतात. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांच्या परसामागे ओढा आहे आणि ओढ्याकाठी एक जुना उंबर. उंबर पिकला की वानरांचा कळप तेथे उतरतो. त्यांच्या ओसरीवर बसून मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ती पंगत पाहिली. प्रथम काहीच कळेना. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. मग हळूहळू ध्यानात आले की भांडण होतच नाही, कारण निकाल आधीच लागलेला असतो. फळांनी लगडलेल्या फांदीवर एक मादी बसलेली असायची. दुसरी शांतपणे चालत यायची. डोळे वटारायची नाही की दात दाखवायची नाही. नुसती जवळ यायची. पहिली हातातले फळ घेऊन मुकाट्याने दुसऱ्या फांदीवर जायची. बस्स, एवढेच. तिसऱ्या दिवसापर्यंत एक मादी मी पक्की ओळखू लागलो होतो. तिच्या कानाचा लचका तुटलेला होता, अंगावरचे केस विरळ झाले होते. ती कोणालाही उठवीत नसे. तिला मात्र सगळ्या उठवीत. शेवटी ती जमिनीवर उतरून सांडलेली उंबरे वेचू लागे.

आणि तिला उठवणाऱ्या कोण? चांगल्या तरण्याताठ्या पोरी! मला वाटले होते की वयाचा मान असेल. गुरुजींच्या घरी भांड्याला येणाऱ्या मावशी माझे हे पाहणे पाहत होत्या. त्या पदर खोचीत म्हणाल्या, “त्यात काय इतकं बगायचं, पाव्हणं? सून आली की सासूचं ताट मागं सरकतंय. त्येंच्यातबी तसंच.”

मावशींनी एका वाक्यात जे सांगितले ते शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या नोंदींतून सिद्ध केले आहे. फरक इतकाच, की वानरांत ती सून नसून पोटची पोर किंवा भाची असते. अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांनी १९७१ पासून वानरांचा अभ्यास केला, आणि जोधपूरच्या आसपास कॅरोला बोरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. दोन्हीकडे तेच आढळले. वयात आलेली तरुण मादी भराभर वर चढते, काही वर्षे अग्रपूजेचा मान भोगते आणि वय वाढू लागले की पायरी-पायरीने खाली येते. जोधपूरच्या वानरांत वरच्या पायरीवरच्या माद्यांना पोरेही अधिक झाली. नेपाळात रामनगरच्या जंगलात आंद्रेआस क्योनिग यांनी पाहिले, की पायरी जसजशी उतरत जाते तसतशी मादीची अंगकाठीही खंगत जाते. म्हणजे हा मान नुसता मिरवण्याचा नाही. पंगतीतल्या जागेवर रक्तमांस ठरते, पुढची पिढी ठरते.

लाल तोंडाच्या माकडांत कायदा उलटा. तेथे शुद्ध घराणेशाही आहे. आईची जी पायरी, तिच्याच खालोखाल लेकीची. मोठ्या घरची कालची पोर छोट्या घरच्या आजीबाईला खुशाल दटावते, आणि आई मागे उभी असल्यामुळे आजीबाई निमूट सरकते. जपानी अभ्यासकांनी १९५० नंतरच्या दशकात हे प्रथम टिपले. गंमत म्हणजे बहिणी-बहिणींत धाकटीचा मान थोरलीहून वर असतो, कारण आई धाकटीची बाजू घेते. हे वाचून कित्येक थोरल्या वाचकभगिनी सुस्कारा सोडतील!

येथे एक प्रश्न सहज मनात येतो. वानर पाने खाणारा. पाने तर झाडभर आहेत. मग एकमेकांना उठवायचे कशाला? याचे उत्तर या सगळ्या विषयाची किल्ली आहे. पानांसाठी वानर फारसे भांडतच नाहीत. कडुनिंबाच्या झाडावर वीस जण बसले तरी प्रत्येकाच्या हाताशी पाने आहेतच. शेजाऱ्याला उठवून मिळायचे काय? पण एका फांदीवरचा उंबराचा घोस, एखादा पाण्याचा डबका, पारावर कोणी ओतलेली हरभऱ्याची पाटी, यांची गोष्ट निराळी. अन्न विखुरलेले असले तर सगळे सारखे. ते एका ढिगात आले की लगेच मोठा-धाकटा ठरतो. झुणकाभाकरीला कोणी मानपान मागत नाही, श्रीखंडाला मागतात. तसेच आहे हे.

पण म्हणून केवळ दांडगाईवरच वानरकुळाचा संसार चालतो असे नाही. दुबळ्याकडेही काही युक्त्या असतात, आणि त्यात सर्वांत मोठी म्हणजे मैत्री. दुपारी वानरे एकमेकांचे केस निवडीत बसतात ते केवळ उवा काढण्यासाठी नव्हे. तो त्यांचा शेजारधर्म आहे, हळदीकुंकू आहे. जिच्याशी हे संबंध गोड असतात तिला जवळ बसून खाऊ दिले जाते. वानरांच्या आया तर तान्हे मूल जन्मल्याच्या पहिल्या दिवसापासून दुसऱ्या माद्यांच्या हाती देतात. मावश्या ते फिरवतात, आणि आई तेवढा वेळ मोकळ्या हातांनी चरते.

या शेजारधर्माला बाजारभावही असतो. दक्षिण आफ्रिकेत व्हर्व्हेट नावाच्या माकडांवर केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. कळपातल्या खालच्या पायरीवरच्या एका मादीला सफरचंदांच्या पेटीचे झाकण उघडायला शिकवले. दुसऱ्या कोणाला ते जमू नये अशी व्यवस्था होती. एरवी जिच्याकडे कोणी पाहत नसे, तिच्या अंगावरचे केस निवडायला आता रांग लागली! मग दुसऱ्या एका मादीला दुसरी पेटी उघडता येऊ लागली, आणि पहिलीचा भाव जवळजवळ निम्म्याने उतरला. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना मागणी-पुरवठ्याचा नियम शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

नवी युक्ती काढायलाही पुष्कळदा खालचाच कोणी लागतो. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाच्या दीड वर्षाच्या पोरीने वाळूने माखलेले रताळे पाण्यात धुऊन खाल्ले. तिचे पाहून तिच्या खेळगड्यांनी धुतले, मग आईने. १९६२ पर्यंत कळपातली बहुतेक मंडळी रताळी धुऊन खाऊ लागली. मागे राहिले ते मुख्यतः मोठे बापेगडी. पोरांच्या संगतीत ते बसत नसत, आणि जेथे बसणे-उठणे नाही तेथून शहाणपणही येत नाही.

आता सकाळी कळप कोणत्या दिशेने निघायचा, हे कोण ठरवते? आफ्रिकेतल्या बबून जातीच्या माकडांवर याचा मोठा सुरेख अभ्यास झाला आहे. नामिबियात शास्त्रज्ञांनी एका ठरावीक जागी मक्याचे दाणे पसरून ठेवले. जागा लहान, दाणे थोडे. कळपाचा दांडगा नायक रोज तिकडे निघे आणि सारा कळप त्याच्या मागे जाई. वास्तविक बहुतेकांच्या वाट्याला तेथे फारसे काही येत नसे. ते त्याच्या धाकाने जात असतील असे वाटेल. पण सर्वांत लगटून मागे जाणारे होते ते त्याच्याशी घसट असलेले. पुढाऱ्यामागे कोण आणि का चालते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. मात्र केनियात दुसरा एक प्रयोग झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेथे बबूनांच्या गळ्यात क्षणाक्षणाची जागा टिपणारे पट्टे बांधले होते. नेहमीचे विखुरलेले अन्न शोधताना ते बबून बड्याच्या मागे जात नव्हते, तर अधिक जण जिकडे निघतील तिकडे जात होते. पुन्हा तेच सूत्र पाहा. दाण्यांचा ढीग असला की सरदारी येते. रानभर चरायचे असले की बहुमत चालते.

आणि येथेच आपण बीडला परत येतो. कारण या जिल्ह्यात वानरांसमोर हे ढीग कोण मांडते? आपणच. दिवाळीच्या सुटीत शहरांतली कुटुंबे परळी-वैजनाथला जातात, अंबाजोगाईला योगेश्वरीचे दर्शन घेतात, कपिलधारला, सौताड्याला सहलीला जातात. मारुतीरायाचा वंश म्हणून श्रद्धेने म्हणा किंवा मुलांना गंमत म्हणून म्हणा, कोणी केळ्याचा फणा पुढे करतो, कोणी बिस्किटांचा पुडा फोडतो. क्षणभरात त्या शांत कळपात हाणामारी सुरू होते आणि आपण म्हणतो, ‘काय मेली भांडखोर जात!’ भांडण त्यांच्या जातीत नव्हते, आपल्या पुड्यात होते. त्यात मिळते ते दांडग्यांना. तुटक्या कानाच्या म्हातारीच्या वाट्याला तेही नाहीच. पाने आंबवण्यासाठी बनलेल्या त्या पोटाला मैदा-साखर मानवत नाही, हे आणखी वेगळे.

शिवाय या दानधर्माची किंमत भलताच कोणी मोजतो. माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेला कळप माणसाच्या शेताला भीत नाही. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, सीताफळाची बाग म्हणजे त्यांच्या दृष्टीने पुन्हा एकेक ढीगच. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण झाडावरचे फळ बाजारात पोहोचेपर्यंत त्याची राखण करावी लागते. आणि दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून जातात. आपण फराळाचे डबे उघडतो त्याच सुमारास त्यांच्या दारांना कुलपे लागतात. मागे राहतात म्हातारीकोतारी आणि लहान पोरे. गोफण घेऊन, पत्र्याचे डबे वाजवीत दिवसभर शेताच्या बांधावर उभे राहायचे ते त्यांनी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानराला अभय दिले आहे, ते योग्यच आहे. पण त्या अभयाचा भार सत्तर वर्षांच्या आजोबांच्या दंडावर पडतो, हे शहरात बसून ध्यानात येत नाही.

याला काही उपाय? शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात उपळा नावाचे गाव आहे. त्याला माकडाचे उपळे असेही म्हणतात. या गावात बत्तीस एकर जमीन चक्क वानरांच्या नावाने सरकारी दप्तरात नोंदलेली आहे, ही बातमी २०२२ साली गाजली. ती कोणी आणि केव्हा केली याचा पत्ता नाही. पूर्वी गावात लग्न निघाले की आधी वानरांचा मान काढीत आणि मग पुढचे विधी होत. मला त्या मानापेक्षा त्या बत्तीस एकरांचे मोल अधिक वाटते. वनखात्याने त्या जमिनीवर झाडेही लावली. वानराला केळे देणे म्हणजे त्याला पंगतीला बसवून भांडायला लावणे. झाड देणे म्हणजे त्याला त्याची भाकरी परत देणे. वड, पिंपळ, उंबर, चिंच यांच्यासारखे दान नाही. आपल्या पूर्वजांनी ती झाडे रस्त्याच्या दुतर्फा आणि गावाच्या पारावर लावली. आपण ती रस्तारुंदीत पाडली, आणि त्या बदल्यात बिस्किटाचा पुडा घेऊन निघालो.

ढिगावरच्या सरदारीचा शेवट काय होतो, याचीही एक हकीकत आहे. केनियातल्या मसाई मारा अरण्यात रॉबर्ट सापोल्स्की बबूनांचा अभ्यास करीत होते. प्रवाशांच्या एका विश्रामगृहाच्या उकिरड्यावर आयते खरकटे मिळे. त्यासाठी शेजारच्या कळपाशी झुंजून तेथे जाण्याची धमक फक्त दांडग्या, भांडकुदळ नरांत होती. १९८० नंतरच्या दशकात त्या उकिरड्यावरच्या नासक्या मांसातून क्षयाची साथ आली आणि तेथे जाणारे सगळे दांडगे मेले. कळपातले जवळजवळ निम्मे नर गेले. उरले ते मवाळ, माद्यांशी मिळूनमिसळून राहणारे. कळपाचा स्वभावच पालटला, आणि नवल असे की पुढे दहा वर्षांनी, जुने नर सगळे जाऊन बाहेरून नवे आले तरी, ती रीत टिकून राहिली. नवे आलेले नरही तेथे मवाळच झाले. म्हणजे पंगतीचा न्याय रक्तात कायमचा कोरलेला नसतो. ज्या घरात जशी वागणूक, तसे तेथे येणारे माणूस, अर्थात माकडसुद्धा, वागू लागते.

आणि ती मागे सरकवलेली म्हातारी? तिच्याविषयी सारा हर्डी यांनी लिहिलेली एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. अबूच्या एका कळपात सोल नावाची एक म्हातारी मादी होती. पायरी सर्वांत खालची. खाण्यात तिचा नंबर शेवटचा. त्या कळपावर परका नर चालून आला आणि एका तान्ह्या पिलाच्या जिवावर उठला. त्या वेळी अंगापिंडाने भरलेल्या तरुण माद्यांआधी पुढे झाली ती ही सोल. आपल्याहून कितीतरी बलवान असलेल्या त्या नराच्या अंगावर ती पुनःपुन्हा धावून गेली. हर्डी यांनी पाहिले की कळपावर संकट आले की म्हाताऱ्या माद्याच वारंवार पुढे होतात. तिला आता स्वतःची पोरे व्हायची नव्हती. होती ती लेकीबाळींची पोरे. शास्त्रज्ञ त्याचा हिशेब नात्याच्या रक्तात मांडतात, आणि तो बरोबरच असेल.

पंगतीत जी शेवटी बसते ती दुबळी असते, असे मात्र त्या हिशेबातून निघत नाही. यंदा बीडकडे गेलात तर केळी घरी ठेवा. उंबराचे किंवा चिंचेचे एखादे रोप बरोबर घ्या, आणि ते लावायला व पावसाळ्यापर्यंत पाणी घालायला कोणी भला माणूस गाठा. आणि घरचा फराळ पुढे येईल तेव्हा शेवटचे ताट कोण घेते, एवढे जरा पाहा.